टार्पला लूप शिवताना

घरी शिवलेला टार्प वाऱ्यात फाटतो तेव्हा दोरी तुटलेली नसते आणि बहुतेक वेळा लूपही तुटलेला नसतो. लूप आपल्या जागी, टाके शाबूत आणि त्याच्या मागचं कापड मात्र चिरत आत गेलेलं, असं दिसतं. हे पाहिल्यावर शिवणाऱ्याला वाटतं की टाके कमी पडले. मग पुढच्या वेळी तो त्याच जागी आणखी चार टिपा मारतो आणि कापड आणखी कमजोर करून ठेवतो. लूप कितीही घट्ट शिवला, तरी त्याच्यावर आलेला ताण अखेर कापडालाच सोसायचा असतो. तो किती कापडावर पसरला आणि कुठल्या दिशेने गेला, यावर टार्पचं आयुष्य ठरतं. या लेखात सगळा भर त्यावरच आहे.

आधी दोऱ्याचा हिशोब करून टाकू. शिवणकामाच्या साध्या पॉलिस्टर दोऱ्याचा एक पदर किलोभराच्या आसपास ताण सोसतो. दीड सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटर लांब चौकोनी टीप मारून तिच्या आत फुली मारली, तर त्यात सत्तरच्या वर टाके बसतात. म्हणजे दोरा कुठेच अपुरा नाही. आता कापडाकडे पाहा. दोन सेंटिमीटर रुंदीची पट्टी थेट पातळ कापडावर शिवली, तर तो सगळा ताण दोनच सेंटिमीटर रुंदीतल्या धाग्यांवर येतो. तीच पट्टी १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या पाव वर्तुळाकार ठिगळावर शिवली, तर ठिगळाची बाहेरची कमान साडेतेवीस सेंटिमीटर भरते. तोच ताण जवळजवळ बारापट रुंदीवर वाटला जातो. टार्प टिकतो तो या वाटणीमुळे.

आयलेटबद्दलही इथेच बोलून घेतो. बाजारातल्या ताडपत्रीला कडेने पितळी किंवा ॲल्युमिनियमचे आयलेट ठोकलेले असतात. जाड, लॅमिनेट केलेल्या ताडपत्रीत, कडेच्या दुमडीत दोरी किंवा जास्तीची पट्टी घातली असेल तर ते चालून जातं. पण आयलेट बसवायला कापडाला भोक पाडावं लागतं, म्हणजे जे धागे ताण सोसणार तेच आपण कापून टाकतो. उरलेल्या कापडाला धातूची चकती केवळ दाबून धरते. पातळ रिपस्टॉप नायलॉनमध्ये आयलेट एका बाजूने सरकू लागला की भोक लांबट होतं आणि मग चकतीच निघून हातात येते. ट्रेकच्या टार्पला आयलेट लावू नका. शिवलेला लूप वजनाला हलका, दुरुस्तीला सोपा आणि खडकावर आपटून वाकत नाही.

ताण किती येतो, याचा अंदाज हवा. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा आडव्या आलेल्या एका चौरस मीटर कापडावर साधारण १२ किलोचा भार टाकतो. ३ बाय ३ मीटरचा टार्प पुरता वाऱ्याच्या तोंडी सापडला, तर हा भार १०० किलोच्या वर जातो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने ५० चे ७० झाले की भार दुप्पट. शिवाय तो सगळ्या लूपांवर सारखा वाटला जात नाही. वाऱ्याकडचे दोन-तीन लूप बहुतेक भार घेतात, आणि टार्प जितका सपाट ताणलेला तितका दोरीतला ताण कापडावरच्या दाबाच्या मानाने जास्त. म्हणून एका कोपऱ्यावर ३० ते ४० किलो येऊ शकतात असं धरून शिवावं.

साहित्य

हलक्या टार्पसाठी सध्या सिलनायलॉन हे सर्वांत सोयीचं कापड आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी सिलिकॉनचा लेप दिलेलं रिपस्टॉप नायलॉन. ३० डेनिअरच्या धाग्याचं असं कापड चौरस मीटरला सुमारे ५० ग्रॅम भरतं, त्यामुळे ३ बाय ३ मीटरचा टार्प अर्ध्या किलोच्या आसपास होतो. त्याच मापाची २०० ग्रॅमची ताडपत्री पावणेदोन किलोच्या वर जाते. सिलनायलॉनचा दोष एकच: ओलं झालं की ते सैलावतं, रात्री दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. सिलिकॉन लावलेलं पॉलिस्टर फारसं सैलावत नाही, पण त्याच जाडीचं नायलॉन फाटायला जास्त चिवट असतं. आपल्या पावसासाठी पॉलिस्टर आणि ठिगळं थोडी मोठी, अशी निवड मी करेन.

कापडबाजारात ‘पॅराशूट कापड’ म्हणून जे मिळतं, त्याच्यावर बहुधा एका बाजूने पीयूचा (पॉलियुरेथेनचा) लेप असतो. कुठला लेप आहे ते ओळखायला चिकटपट्टीचा तुकडा लावून पाहा. सिलिकॉनवर ती धड चिकटत नाही, पीयूवर चांगली चिकटते. हे आधीच माहीत असणं गरजेचं आहे, कारण शिवण बुजवायचा पदार्थ लेपाप्रमाणे बदलतो. सिलिकॉनवर पीयूची पट्टी धरत नाही आणि पीयूवर सिलिकॉन टिकत नाही.

लूपसाठी १५ ते २० मिलिमीटर रुंदीची नायलॉनची नवार किंवा जाड विणीची ग्रोग्रेन पट्टी घ्या. बॅगांचं साहित्य विकणाऱ्या दुकानांत ती मीटरवर मिळते. पुण्यात रविवार पेठेत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केट-मशीद बंदरच्या बाजूला अशी दुकानं आहेत. तिथे पॉलिप्रॉपिलीनची नवार स्वस्त मिळते. ती दिसायला सारखीच, पण उन्हाने लवकर ठिसूळ होते. सुती नवार घेऊच नका, भिजून राहिली की कुजते. दोराही सुती नको, पूर्ण पॉलिस्टरचा हवा. नायलॉनच्या दोऱ्यापेक्षा पॉलिस्टरचा दोरा उन्हात जास्त टिकतो, आणि टार्पची शिवण दिवसभर उन्हातच असते.

ठिगळासाठी त्याच कापडाचे दोन थर किंवा ७० डेनिअरचं नायलॉन पुरतं. शाळेच्या दप्तराला वापरतात ते २१० डेनिअरचं ऑक्सफर्ड सहज मिळतं आणि बरेच जण तेच लावतात. ते चालतं, पण एक गोष्ट लक्षात ठेवून. ठिगळ जितकं जाड आणि ताठ, तितका त्याच्या कडेला कापडाचा स्वभाव अचानक बदलतो: ठिगळाबाहेर पातळ आणि लवचिक, ठिगळावर जाड आणि हट्टी. चीर नेमकी त्या सीमेवर सुरू होते. शिडं शिवणारे कारागीर कोपऱ्यांवर म्हणूनच एकच जाड तुकडा न लावता लहान-मोठ्या आकाराचे अनेक थर एकावर एक लावतात, म्हणजे जाडी टप्प्याटप्प्याने कमी होत जाते. आपल्याला दोन थर पुरेत: १५ सेंटिमीटर त्रिज्येचं त्याच कापडाचं मोठं ठिगळ आणि त्यावर ७ सेंटिमीटरचं जाड लहान ठिगळ.

ठिगळाचा आकार गोलाईचाच हवा. चौकोनी ठिगळ कापायला सोपं, पण त्याच्या आतल्या टोकावर ताण एकवटतो. तुम्ही कुठलाही जुना टार्प पाहा, चौकोनी ठिगळाच्या आतल्या कोपऱ्यापाशी कापड ओढल्यासारखं दिसेल. कमानीला असं टोकच नसतं. कापताना ठिगळाचे उभे-आडवे धागे टार्पच्या उभ्या-आडव्या धाग्यांशी जुळवा. नाहीतर दोन्ही कापडं वेगवेगळी ताणली जाऊन ठिगळ कायम सुरकुतलेलं राहतं.

आधी ठिगळ, मग दुमड, शेवटी लूप

हा क्रम बदलू नका. ठिगळ कापडाच्या कच्च्या कडेशी जुळवून शिवायचं, मग कड दोनदा दुमडायची म्हणजे ठिगळाची कडही दुमडीत जाते, आणि त्या जाड झालेल्या दुमडीवर लूप बसवायचा. दुमड आधी करून ठिगळ नंतर लावलं, तर ठिगळाचा दुमडीशी संबंध केवळ एका टिपेपुरता राहतो. दुमड ही टार्पची सर्वांत बळकट जागा आहे. तिच्यात कापडाचे तीन थर असतात आणि ठिगळ असेल तिथे सहा किंवा जास्त. लूपचा ताण या दुमडीला मिळालाच पाहिजे.

किती लूप लावायचे? ३ मीटरच्या कडेला दर ७५ सेंटिमीटरवर एक धरला तर चार कोपरे आणि प्रत्येक कडेला मधले तीन, असे सोळा होतात. एवढे सगळे एका वेळी वापरले जात नाहीत, पण टार्प कधी घराच्या छपरासारखा, कधी एका बाजूने टेकवलेल्या आडोशासारखा लावता येतो तो या मधल्या लूपांमुळे. कमी लावायचे असतील तर दोन बाजूंचे मधले तीनऐवजी एक करा. मात्र कोपरे आणि माथ्याच्या शिवणीची दोन टोकं यांत काटकसर करू नका.

कापडाचा पन्हा साधारण दीड मीटर असल्याने ३ मीटरच्या टार्पला मधोमध जोड येतोच. हा जोड जीन्सच्या मांडीच्या आतल्या बाजूला असतो तशा बंद शिवणीचा करा: दोन्ही कडा एकमेकींत अडकवून वरून दोन समांतर टिपा. यात कच्ची कड कुठेच उघडी राहत नाही. टार्प छपरासारखा लावला की हाच माथा होतो आणि त्याच्या दोन टोकांवर सगळ्यांत जास्त ताण येतो. तिथे शिवणीच्या दोन्ही बाजूंना पसरेल असं १२ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळाकार ठिगळ लावा आणि लूप बरोबर शिवणीवर बसवा. इथे ताण कापडाच्या धाग्याच्या सरळ रेषेत जातो, म्हणून ही जागा नीट शिवली की सहसा दगा देत नाही.

त्रास देतो तो कोपरा. कोपऱ्यावरची ओढ कर्णाच्या दिशेने, म्हणजे उरेब असते. त्या दिशेने ताणाही नाही आणि बाणाही नाही. शिंप्याला उरेब कापडाचा लवचीकपणा झग्याच्या घेरासाठी हवा असतो, टार्पच्या कोपऱ्यात मात्र तो नडतो. कापड तिथे लांबतं, सुरकुत्या पडतात आणि ओढ सरतेशेवटी दोन्ही बाजूंच्या दुमडींवर जाते. म्हणून कोपऱ्याचा लूप दोन्ही दुमडींना धरणारा हवा. याच्या दोन रीती आहेत. पहिलीत १५ सेंटिमीटरची पट्टी कर्णाच्या रेषेत ठेवायची, तिचा एक पाय कापडाच्या वरून आणि एक खालून, दोन्ही चार-चार सेंटिमीटर आत, आणि मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा लूप बाहेर. दुसरीत १८ ते २० सेंटिमीटरची पट्टी घेऊन तिचा एक पाय एका दुमडीवर आणि दुसरा दुसऱ्या दुमडीवर असा, इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात शिवायचा. लूप कोपऱ्याच्या टोकावर येतो आणि ओढ दोन दुमडींत त्यांच्या त्यांच्या दिशेने विभागली जाते. शिवायला ही थोडी वेळखाऊ, पण मला तीच जास्त भरवशाची वाटते. मोठ्या टार्पला तर हीच वापरावी.

कोपऱ्याच्या टोकाला कापडाचे इतके थर जमतात की घरगुती मशीनची सुई अडते. दुमडण्याआधी टोकाचा सेंटिमीटरभर त्रिकोण तिरपा कापून टाका आणि ती कापलेली कड आत घेऊन दुमडा. थर कमी होतात आणि कोपराही नेटका बसतो.

कडेच्या मधल्या लूपांना ८ ते १० सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळाकार ठिगळ पुरतं. इथे पट्टीचे दोन पाय कापडाच्या दोन्ही बाजूंना असणं फार महत्त्वाचं. दोन्ही पाय एकाच बाजूला शिवले आणि दोरी वर-खाली झाली, की पट्टी कापडापासून सोलून काढल्यासारखी ओढली जाते. मग सगळा ताण पहिल्या ओळीतल्या चार-पाच टाक्यांवर येतो, ते तुटले की पुढचे. कापड दोन पायांच्या मध्ये धरलं की दोरी कुठल्याही दिशेने ओढली तरी एक पाय कापडाच्या पृष्ठाला समांतर ओढ घेतो आणि सगळे टाके एकत्र काम करतात.

टीप

पातळ कापडाला ११ नंबरची सुई आणि ठिगळ-नवारीसाठी १४ नंबरची. थर फारच झाले तर १६. नवी सुई घालूनच सुरुवात करा. बोथट सुई रिपस्टॉपचे धागे बाजूला सारत नाही, तोडते.

टाक्याची लांबी अडीच ते तीन मिलिमीटर ठेवा. बारीक टाका मजबूत असतो, हा समज साड्यांच्या फॉलला आणि ब्लाउजला ठीक असेल, टार्पला नाही. टाका जितका लहान तितकी भोकं जवळ, आणि ताणाला आडवी गेलेली जवळजवळच्या भोकांची ओळ म्हणजे टपाल तिकिटाची कड. ठिगळाच्या कमानीवर तर टाका तीन मिलिमीटरपेक्षा लहान नकोच. कमानीवर एक टीप आणि तिच्या चार मिलिमीटर आत दुसरी, बस्स.

लूपच्या पायावर चौकोन आणि आत फुली अशी टीप मारतात, ती योग्य आहे. झिगझॅगची सोय असलेल्या मशीनवर पायाच्या दोन टोकांना दाट झिगझॅगचा आडवा टाका घालता येतो, पॅन्टच्या बेल्टच्या लूपांना असतो तसा. घरातल्या जुन्या काळ्या पायमशीनवर झिगझॅग नसतं, पण काही अडत नाही. तीच सरळ टीप पट्टीच्या रुंदीत पुढे-मागे तीन-चार वेळा न्या. मात्र हा दाट टाका नवार आणि ठिगळाच्या जाड भागावरच पडला पाहिजे. एकेरी पातळ कापडावर तो कधीही घालू नका.

सिलनायलॉन मशीनवर सरकतं, हीच बहुतेकांची तक्रार असते. दोन थर वेगवेगळ्या वेगाने पुढे जातात आणि तीन मीटरच्या शिवणीच्या शेवटी बोटभर फरक पडतो. यावर उपाय साधे आहेत. कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद फाडून काढा. पायाचा दाब थोडा कमी करा. एक हात सुईच्या पुढे आणि एक मागे ठेवून कापड हलकं ताणून धरा, पण ओढू नका, नाहीतर सुई वाकते. टाचण्या फक्त दुमडीत जाणाऱ्या भागात लावा. इतरत्र टाचणीचं प्रत्येक भोक म्हणजे पावसाला वाट. तिथे कपडे वाळत घालायचे चिमटे किंवा कागदांना लावायच्या क्लिपा वापराव्यात. शिवणकामाची सवय नसेल तर पहिल्यांदा एखादी पिशवी शिवा, मग टार्पला हात घाला.

घरच्या मशीनला कोपरा झेपलाच नाही, तर तेवढा भाग दप्तरं दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे न्या. त्याचं मशीन जाड थर सहज शिवतं. जाण्याआधी पट्टीची जागा बॉलपेनने आखून द्या आणि टाका मोठा ठेवायला सांगा, कारण बॅगेचं काम करणाऱ्याचा हात जाड कापडाला बसलेला असतो.

नवारीची कापलेली टोकं मेणबत्तीच्या आचेवर वितळवून बंद करा म्हणजे ती उसवत नाहीत. वितळलेल्या टोकाचा कडक, धारदार गोळा होतो. तो कापडावर घासत राहिला तर स्वतःच भोक पाडतो. गरम असतानाच पकडीने सपाट दाबून घ्या.

उताराच्या मधोमधचे लूप

छपराच्या उताराच्या मधोमध बाहेरून एक लूप असला, तर दोरीने तिथलं कापड बाहेर ओढून आत जागा वाढवता येते. जोरदार पावसात ओलं कापड झोपलेल्याच्या अंगावर येत नाही. पण हा लूप शिवायचा म्हणजे पाणी वाहतं त्या जागी भोकं पाडायची. सिलिकॉन लावलेल्या कापडावर याला चांगला पर्याय आहे. दहा सेंटिमीटर व्यासाच्या गोल ठिगळावर लूप आधी शिवून घ्या आणि मग ते ठिगळ शुद्ध सिलिकॉन सीलंटने टार्पवर चिकटवा. वर सपाट वजन ठेवून दिवसभर राहू द्या. हा लूप हलक्या ओढीसाठीच आहे, त्याला काठीशी किंवा झाडाशी घट्ट बांधू नका. आतून दिवा टांगायला लूप हवा असेल, तर तो माथ्याच्या बंद शिवणीतच शिवताना अडकवून टाका.

शिवणी बुजवणं शेवटचं. सिलिकॉन लेपाच्या कापडासाठी खिडक्यांना लावतात ते पारदर्शक सिलिकॉन सीलंट एक भाग आणि मिनरल टर्पेंटाइन दोन ते तीन भाग असं पातळ मिश्रण करून ब्रशने शिवणीवर आणि लूपच्या टाक्यांवर लावा. काम उघड्यावर, आगीपासून लांब करा. चोवीस तास वाळल्यावर थोडी टाल्कम पावडर चोळली की चिकटपणा जातो. पीयू लेपाच्या कापडाला पीयूचंच सीलंट लागतं.

नमुना टांगून पाहा

टार्प कापण्याआधी हे करा. जास्तीच्या कापडातून साठ सेंटिमीटरचा चौकोन घ्या आणि त्याचा एक कोपरा ठिगळ, दुमड, लूप यांसह पूर्ण शिवा. समोरचा भाग बांबूभोवती चार-पाच वेढे गुंडाळून वरून दोरीने आवळा आणि बांबू दोन मजबूत आधारांवर ठेवा. लूपला २० लिटरचा पाण्याचा रिकामा कॅन जमिनीपासून वीतभर उंचीवर लटकवा. आता मगाने एक-एक लिटर पाणी ओतत जा. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे तराजूची गरजच नाही. पहिला कॅन भरला की दुसरा जोडा. चाळीस किलो धरले तर तुमची शिवण आपल्या डोंगरांतल्या वाऱ्याला तयार आहे. पाय मात्र कॅनखाली ठेवू नका.

नमुना फाटला तर ते काम वाया गेलं असं समजू नका, कुठे फाटला ते पाहा. पट्टी टाक्यांतून सुटून आली, तर पाय आखूड आहेत किंवा फुलीच्या टिपा कमी पडल्या. ठिगळाच्या बाहेरच्या कडेला चीर गेली, तर ठिगळ लहान किंवा फार ताठ आहे. टिपेच्या ओळीवर सरळ रेषेत फाटलं, तर टाका बारीक पडला. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि तो या एका तुकड्यावरून कळतो.

सह्याद्रीसाठी काही बदल

परदेशी टार्पचे लूप अनेकदा फार छोटे असतात, कारण तिथे मऊ मातीत पातळ खुंटी थेट लूपमधून ठोकायची असते. आपल्या गडांच्या माथ्यावर मातीचा थर वीतभर आणि खाली काळा कातळ. खुंटी बसतच नाही. दोरी दगडाभोवती गुंडाळावी लागते, कधी लूपमधून काडी आडवी घालून अडकवावं लागतं. त्यासाठी लूप साडेतीन-चार सेंटिमीटरचा आणि त्यात तीन मिलिमीटरची दोरी दुहेरी जाईल असा असावा. दगडावर थेट लूप अडकवू नका, नवार घासून तुटते.

कड्याच्या काठाजवळ वारा वेगळा वागतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर वारा खालून वर उसळतो, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाने अनुभवलं आहे. असा वारा टार्पच्या खाली शिरून त्याला वर उचलतो. तेव्हा ताण कोपऱ्यांपेक्षा वाऱ्याकडच्या कडेच्या मधल्या लूपांवर येतो आणि तोही उलट दिशेने. पट्टीचे पाय दोन्ही बाजूंना हवेत असं वर म्हटलं, ते याच्यासाठी. काठापासून आत सरका, टार्पची वाऱ्याकडची कड जमिनीपर्यंत खाली आणा आणि मधला एकही लूप मोकळा सोडू नका. झाडाला बांधायचं तर जुन्या, जाड खोडाला. कारवीला बांधू नका, ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि मोडलेली कांडी त्या फुलोऱ्याला मुकते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे अभयारण्य आहे. तिथे आणि संरक्षित किल्ल्यांवर मुक्कामाचे नियम आधी विचारून घ्या.

एखादा लूप डोंगरात उसवलाच, तर सुईदोऱ्याची वाट पाहायची गरज नाही. गुळगुळीत छोटा खडा कडेपासून वीतभर आत कापडात घ्या, कापड त्याच्याभोवती आवळा आणि मुळाशी दोरीची घट्ट गाठ मारा. कापडाला भोक न पडता नवा लूप तयार होतो आणि तो रात्र काढायला पुरेसा बळकट असतो.

घरी आल्यावर टार्प आधी सावलीत पूर्ण वाळवा. घडी घालण्याआधी प्रत्येक लूपचा भाग दिव्यासमोर धरा. टाक्यांची भोकं गोल असतील तर काळजी नाही. ती ओढीच्या दिशेने लांबट झालेली दिसली, की तिथलं कापड हरू लागलं आहे. तिथे नव्या टिपा मारू नका. लूप उसवा, जुन्या ठिगळापेक्षा चार-पाच सेंटिमीटर मोठं ठिगळ त्यावर लावा आणि लूप पुन्हा शिवा. हे काम पुढच्या ट्रेकच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका, कारण सीलंट वाळायला पूर्ण दिवस लागतो.